सोळा खेळाडू, चार फेऱ्या आणि पाचवा नंबर: इव्हेंटलिंक आणि कंपॅनियन वापरून मॅजिकची स्पर्धा

इव्हेंटलिंक ही विझार्ड्स ऑफ द कोस्टने ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ विकणाऱ्या दुकानांना दिलेली, ब्राउझरमध्ये चालणारी स्पर्धा-व्यवस्था. आयोजक लॅपटॉपवर इव्हेंटलिंक उघडतो, खेळाडू फोनवर कंपॅनियन हे ॲप उघडतात आणि जोड्या, टेबल नंबर, घड्याळ, निकाल, क्रमवारी असं सगळं या दोघांत फिरतं. दोन्ही फुकट आहेत. आठ ते बत्तीस जणांच्या रविवारच्या स्पर्धेसाठी दुकानाने बिनधास्त हेच वापरावं, हे आधीच सांगून टाकतो. हिशेब ते चोख करतं. गडबड होते ती हिशेबाच्या आधी, टेबलावर. सगळा भार ॲपवर टाकून निवांत बसलेल्या आयोजकाला ती गडबड कळते शेवटच्या फेरीनंतर, जेव्हा पहिल्या चारांतून हुकलेला पाचव्या नंबरचा खेळाडू समोर येऊन उभा राहतो. म्हणून ते वापरायचं कसं, हे इथे जरा सविस्तर लिहितो.

जुन्या खेळाडूंना डीसीआय नंबर, म्हणजे खेळाडूचा नोंदणी क्रमांक, आठवत असेल. तो सांगायचा, आयोजक तो विंडोजवरच्या प्रोग्रॅममध्ये टाकायचा आणि स्पर्धा संपली की निकाल वर पाठवायचा. २०२० मध्ये ते सगळं बंद होऊन इव्हेंटलिंक आलं. फायदा मोठा झाला: भिंतीवर जोड्यांचा कागद लावायचा आणि सोळा माणसं त्या कागदावर तुटून पडायची, हे संपलं. तोटाही तेवढाच ठळक आहे. जुना प्रोग्रॅम इंटरनेटशिवाय चालायचा, हे चालत नाही. हॉलचं वायफाय कितीही चांगलं म्हणाले तरी आयोजकाच्या लॅपटॉपला स्वतंत्र मोबाइल हॉटस्पॉट हवाच, आणि तो खेळाडूंना द्यायचा नाही. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर चालत नाही, ही साधी गोष्ट ऐन वेळी लक्षात येते. दर फेरी संपली की क्रमवारीच्या पडद्याचा फोनवर एक फोटो काढून ठेवा. नेट पूर्णच गेलं तर पुढच्या जोड्या त्या फोटोवरून हाताने लावता येतात.

इव्हेंटलिंकचं खातं विझार्ड्स प्ले नेटवर्कमध्ये, म्हणजे विझार्ड्सच्या अधिकृत दुकानांच्या जाळ्यात, असलेल्या दुकानालाच मिळतं. कॉलेजातल्या ग्रुपला किंवा सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये खेळणाऱ्यांना ते मिळणार नाही. त्यांना कंपॅनियनमध्येच छोटी स्पर्धा तयार करता येते. सहा-आठ जणांच्या ड्राफ्टला (तिथेच पाकिटं फोडून, पत्ते निवडून खेळायचा प्रकार) तेवढं पुरतं.

स्पर्धा तयार करताना फॉरमॅट (खेळाचा प्रकार), तारीख आणि वेळ भरली की एक कोड मिळतो. तो कोड मोठ्या अक्षरात कागदावर छापून दारात लावा. खेळाडू ॲपमध्ये कोड टाकतो आणि यादीत येतो. ज्याच्याकडे ॲप नाही त्याचं नाव आयोजक हाताने घालतो. इथली नेहमीची चूक म्हणजे अर्धवट नाव. यादीत दोन ‘आदित्य’ असले की तिसऱ्या फेरीत एकाचा निकाल दुसऱ्याच्या नावावर चढायला वेळ लागत नाही. हाताने घातलेलं प्रत्येक नाव आडनावासकट असावं, आणि पहिल्या जोड्या लावण्याआधी यादी एकदा मोठ्याने वाचावी. हजेरीत ‘हो’ न म्हणणारा खेळाडू बहुतेक वेळा बाहेर गाडी लावत असतो, किंवा कोड टाकून घरीच राहिलेला असतो. दुसऱ्या प्रकारचा खेळाडू यादीत राहिला तर पहिल्याच फेरीत कुणीतरी रिकाम्या खुर्चीसमोर बसतो.

नोंदणीची मर्यादा जाहिरातीतच लिहा. या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात; ती पद्धत आपल्याकडे बुद्धिबळामुळे ओळखीची आहे. ‘स्विस लीग’ हा शब्द स्थानिक स्पर्धांच्या बातम्यांत नेहमी दिसतो. १८९५ साली झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत ती वापरली गेली, त्यावरून हे नाव. समान गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात, हरलेला बाहेर जात नाही. दर फेरीला अपराजित खेळाडू निम्मे होत जातात, म्हणून ८ पर्यंत ३ फेऱ्या, ९ ते १६ ला ४, १७ ते ३२ ला ५, ३३ ते ६४ ला ६. सतरावा खेळाडू आला की एक अख्खी फेरी वाढते, वर दर फेरीला एकाला बाय (जोडीदार नसल्याने न खेळता विजय) द्यावा लागतो. एका फेरीला ५० मिनिटं खेळ, मग जादा टर्न (पाळ्या), मग जोड्या, म्हणजे धरून चालायची ६५ मिनिटं. सोळा जणांच्या चार फेऱ्या ४ तास २० मिनिटांत होतात. अकराला सुरू केलं आणि जेवणाला चाळीस मिनिटं दिली तर चार वाजता क्रमवारी हातात येते. सतराव्याला हो म्हटलं तर पाच वाजून जातात, आणि हॉल संध्याकाळपर्यंतच घेतला असेल तर टॉप फोरचे (पहिल्या चौघांचे बाद पद्धतीचे) सामने जिन्यात खेळवायची पाळी येते.

टेबलांकडे ॲप बघत नाही, पण तुम्हाला बघावं लागेल. प्लेमॅट, म्हणजे पत्ते मांडायची चटई, साधारण २४ इंच रुंद आणि १४ इंच खोल असतो. समोरासमोर दोन मॅट म्हणजे २८ इंच. मांडववाल्याकडची टेबलं दोन फूट रुंदीची निघाली तर दोन्ही बाजूंनी मॅट लोंबतात आणि लायब्ररी (पत्ते ओढायचा गठ्ठा) कडेवरून खाली जाते. अडीच फूट रुंदीची मागा, किंवा दोन टेबलं जोडून लावा. सहा फुटी टेबलावर मोजपट्टीने तीन सामने बसतात, माणसं बसवायची तर दोनच बसवा. मधल्या खेळाडूच्या टाकलेल्या पत्त्यांचा गठ्ठा शेजाऱ्याच्या मॅटवर गेला की वाद सुरू होतात. टेबल नंबर दोन्ही बाजूंनी वाचता येतील असे, जाड कागद दुमडून ठेवा. वडापाव आणि चहा दुसऱ्या टेबलावर. पत्त्याला प्लास्टिकची स्लीव्ह घातलेली असली तरी तेलकट बोटाचा ठसा पाठीमागे उमटतो, आणि मग तो पत्ता ‘मार्क्ड’ (पाठीवरून ओळखू येणारा) आहे का यावर पाच मिनिटं जातात.

आता मुद्द्यावर येतो. जोड्या लागल्या की त्या खेळाडूच्या फोनवर टेबल नंबरासकट दिसतात, घड्याळही दिसतं. सामना, म्हणजे तीनपैकी दोन गेम जिंकायची लढत, संपला की खेळाडू फोनवरच निकाल भरतात. ही सोय खरोखर चांगली आहे, कारण आयोजकाकडे रांग लागत नाही. पण निकाल चुकतात तेही इथेच. घाईत २–१ च्या जागी १–२ भरलं जातं. २–१ झालेला सामना ‘जिंकलो ना’ म्हणून २–० भरला जातो. हरलेला खेळाडू तोवर चहाला गेलेला असतो, तो फोन बघत नाही. आयोजकाच्या पडद्यावर सगळे निकाल आलेले दिसतात, तो पुढच्या जोड्या लावतो. चूक कळेपर्यंत फेरी सुरू झालेली असते. गुण मागून दुरुस्त केले तरी खेळत बसलेल्या जोड्या उठवता येत नाहीत, आणि ज्याला चुकीने वरचा प्रतिस्पर्धी मिळाला त्याची फेरी गेली ती गेलीच.

यावर इलाज जुनाच आहे: कागदाची स्लिप. ए-फोर कागदाच्या चार पट्ट्या कापा. प्रत्येकीवर फेरी, टेबल, दोन नावं, प्रत्येक नावासमोर ‘जिंकलेले गेम’, मध्ये ‘बरोबरी’, खाली दोन सह्या आणि एक चौकोन: ‘स्पर्धेतून बाहेर पडतोय’. सोळा खेळाडूंना फेरीला ८, चार फेऱ्यांना ३२ स्लिपा, म्हणजे फक्त आठ कागद. जिंकलेल्याने भरायची, हरलेल्याने वाचून सही करायची, मग टेबलावर ठेवलेल्या डब्यात टाकायची. आयोजक जोड्या लावण्याआधी आठ स्लिपा पडद्याशी ताडून बघतो. दोन मिनिटांचं काम. पडद्यावर आणि स्लिपेवर फरक दिसला तर दोघांना बोलावून विचारतो. त्या चौकोनाचंही महत्त्व आहे. दोन फेऱ्या हरलेला खेळाडू न सांगता निघून जातो, त्याला जोडीत धरलं जातं आणि समोरचा माणूस पन्नास मिनिटं बसून राहतो. जाताना स्लिपेवर खूण करायची सवय लागली की हे जवळजवळ थांबतं.

२–० आणि २–१ यांत काय एवढं, असं खेळाडू विचारतात. जिंकलेल्या सामन्याचे गुण ३च राहतात हे खरं. पण टायब्रेकमध्ये, म्हणजे समान गुणांच्या खेळाडूंत वरखाली ठरवणाऱ्या हिशेबात, गेमची टक्केवारी येते. एखाद्याचे निकाल २–०, २–०, २–१ आणि ०–२ असतील तर तो ९ गेम खेळला आणि ६ जिंकला: ६ भागिले ९, म्हणजे ०.६६७. तो २–१ चुकून २–० भरला गेला तर ६ गेम ८ पैकी झाले: ०.७५. एका चुकीच्या बोटाने एवढा फरक पडतो.

सोळा जण आणि चार फेऱ्या, सगळे सामने निकाली लागले तर गुणतालिका ठरलेलीच असते: १ जण ४–०, ४ जण ३–१, ६ जण २–२, ४ जण १–३ आणि १ जण ०–४. टॉप फोर कापला की १२ गुणांचा एक आणि ९ गुणांचे तीन आत जातात. ९ गुणांचा चौथा माणूस बाहेर राहतो. म्हणजे बिचाऱ्याने एकच सामना गमावलेला असतो, आणि तरी तो पाचवा. हे अपवादाने घडत नाही, दर वेळी घडतं. त्यामुळे टायब्रेक समजावून सांगता येणं हे आयोजकाचं कामच आहे. इव्हेंटलिंक आकडा दाखवतं. तो कसा आला, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

पहिला टायब्रेक म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची सामना-टक्केवारी. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे गुण घ्यायचे, त्याने खेळलेल्या फेऱ्या गुणिले ३ ने भागायचे, आणि उत्तर ०.३३ पेक्षा कमी आलं तर ०.३३च धरायचं. मग सगळ्यांची सरासरी. बुद्धिबळातल्या बुकहोल्झ या टायब्रेकमागेही हाच विचार आहे: तू कोणाशी खेळलास ते बघू. आता दोन खेळाडू घेऊ, दोघांचेही ९ गुण.

‘क’च्या चार प्रतिस्पर्ध्यांचे गुण ९, ६, ६ आणि ३. बाराने भागलं की ०.७५, ०.५०, ०.५० आणि ०.२५. शेवटचा आकडा वर उचलून ०.३३. बेरीज २.०८, सरासरी ०.५२.

‘ख’ची पहिली फेरी अशा माणसाशी झाली जो लागोपाठ दोन सामने हरून घरी गेला: ६ पैकी ०. बाकीचे तीन १२, ६ आणि ३ गुणांचे. म्हणजे शून्याचा ०.३३, मग १.००, ०.५०, आणि ०.२५ चा ०.३३. बेरीज २.१६, सरासरी ०.५४.

‘ख’ आत, ‘क’ बाहेर. ती ०.३३ ची पायरी नसती तर ‘क’ची सरासरी ०.५० आणि ‘ख’ची ०.४४ च्या आत आली असती, निकाल उलटा लागला असता. ही पायरी ठेवण्यामागे कारण आहे. पहिल्या फेरीची जोडी चिठ्ठ्या टाकल्यासारखी लागते. समोर नवखा माणूस आला यात खेळाडूचा दोष नाही. तो नवखा अर्ध्यातून निघून गेला म्हणून जिंकणाऱ्याला शिक्षा नको, म्हणून तळाला मर्यादा घातली. हे एवढं कागदावर मांडून दाखवलं की ‘क’ नाराज होतो, पण आयोजकावर संशय घेत नाही. हा कागद आयोजकाने आधीच तयार करून खिशात ठेवावा.

बायबद्दलही असेच प्रश्न येतात. खेळाडूंची संख्या विषम असली की खालच्या गुणांच्या एकाला बाय मिळतो, २–० विजय धरून ३ गुण मिळतात. प्रतिस्पर्ध्यांची सरासरी काढताना ती फेरी सोडून द्यायची. हाताने हिशेब करणारे नेमके इथे चुकतात आणि चार फेऱ्यांच्या सरासरीत एक शून्य घुसवतात. इव्हेंटलिंक हे बरोबर करतं.

वेळ संपल्यावरचे नियम मात्र ॲप शिकवत नाही. घड्याळ वाजलं की ज्याची टर्न चालू आहे त्याने ती पूर्ण करायची, आणि त्यानंतर दोघांच्या मिळून पाच टर्न. प्रत्येकी पाच नव्हे. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो फेरी वीस मिनिटं लांबवतो. आयोजकाने शेवटच्या दोन-तीन टेबलांपाशी जाऊन उभं राहावं आणि टर्न मोठ्याने मोजाव्यात. गेम १–१ असताना तिसरा अपुरा राहिला तर सामना बरोबरीत, दोघांना एकेक गुण. पण १–० असताना दुसरा गेम अपुरा राहिला तर १–० वाला सामना जिंकतो, त्याचे ३ गुण. ‘पूर्ण झाला नाही म्हणजे बरोबरी’ असं समजून खेळाडू स्वतःच बरोबरी भरून मोकळे होतात, आणि ॲपला खरं काय झालं ते कळायला मार्ग नसतो. न खेळता ठरवून बरोबरी घेतली तर ती ०–०–३ (शेवटचा आकडा बरोबरीचा) अशी नोंदवायची. ती घ्यायला नियमाची आडकाठी नाही. नाणं उडवून विजेता ठरवणं किंवा बक्षिसातला वाटा देऊन सामना सोडायला लावणं मात्र गंभीर चूक आहे. नवे खेळाडू हे वाईट हेतूने करत नाहीत, त्यांना ठाऊकच नसतं. म्हणून पहिल्या फेरीआधी ही दोन वाक्यं माइकवर सांगायची, दर वेळी, सगळे जुने असले तरी.

डेकच्या (खेळाडूने आणलेल्या पत्त्यांच्या संचाच्या) याद्या घ्यायच्या असतील तर त्याही पहिल्या जोड्यांआधी. मुख्य डेकमध्ये किमान ६०, साइडबोर्डमध्ये (दोन गेमच्या मध्ये बदलायचे राखीव पत्ते) जास्तीत जास्त १५, आणि बेसिक लँड हे साधे जमिनीचे पत्ते सोडून एका नावाचे दोन्ही मिळून चारपेक्षा जास्त नाहीत. यादी घेतल्या घेतल्या बेरीज करा. ५९ ची यादी दाराशी सापडली तर दोन मिनिटांत सुटते, तिसऱ्या फेरीत सापडली तर भांडण होतं.

बक्षिसं नंबरावर ठेवू नका, गुणांवर ठेवा, असं आमचं ठाम मत आहे. सोळा जणांत ३२ बूस्टर (पत्त्यांची पाकिटं) असतील तर ४–० ला ९, ३–१ च्या चौघांना प्रत्येकी ३, उरलेल्या अकरा जणांना प्रत्येकी १. बेरीज बरोबर ३२. असं केलं की टॉप फोरची गरजच उरत नाही, आणि ०.५२ विरुद्ध ०.५४ यावर कुणाचं बूस्टर जात नाही. बरोबऱ्या झाल्या की गणित थोडं सरकतं, म्हणून दोन-तीन बूस्टर हाताशी जादा ठेवा. टॉप फोर खेळवायचाच असेल तर तिथे बरोबरी चालत नाही; वेळ आणि जादा टर्न संपल्यावर जिंकलेले गेम सारखे असतील तर ज्याचे लाइफ जास्त तो जिंकतो, हे खेळाडूंना बसण्याआधी सांगा.

काही उणिवा राहतातच. कंपॅनियन मराठीत नाही. नेहमीच्या खेळाडूंना त्याचं काही वाटत नाही, पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या आईवडिलांना कोड कुठे टाकायचा इथपासून दाखवावं लागतं. दाराशी एक माणूस त्यासाठीच ठेवा. दुसरं, हे फक्त मॅजिकसाठी आहे. तोच ग्रुप पुढच्या रविवारी पोकेमॉन खेळणार असेल तर इथली काहीच मांडणी तिकडे चालत नाही: तिथे सॉफ्टवेअर वेगळं, ज्युनियर, सीनियर आणि मास्टर्स असे वयोगट वेगळे. आणि मॅजिकच्याच चौघांनी मिळून खेळायच्या कमांडर या प्रकाराला दोघांच्या सामन्यांसाठी बनवलेला हा टायब्रेक लावायला जाऊ नका. चौघांच्या टेबलावर समान बळाच्या खेळाडूला चारातून एकदाच जिंकता येतं, त्यामुळे बहुतेकांची टक्केवारी ०.३३ च्या खाली जाते, पायरी सगळ्यांनाच एका पातळीवर आणून ठेवते आणि क्रमवारीत फरक करायला काही उरत नाही. कमांडरच्या रविवारी प्रत्येकाला सारखं बूस्टर द्या, टेबलं दर फेरीला बदला, आणि क्रमवारीचा पडदा बंद ठेवा.